कॅनॉलकाठी सामूहिक भित्तिचित्र: सीमाभागातल्या नवख्या गटांसाठी

बेळगाव जिल्ह्यात घटप्रभा नदीवर धुपदाळला बंधारा बांधून काढलेला डावा कालवा १८९७ साली पूर्ण झाला. तेव्हा त्याची लांबी सुमारे ७१ किलोमीटर होती. पुढे हिडकलचं धरण झालं, कालवा लांबला, शाखा निघाल्या. गोकाक, मूडलगी, रायबाग या बाजूला आज ऊस दिसतो तो याच पाण्यावर. या कालव्याच्या काठी पुलांचे कठडे आहेत, पंपघरं आहेत, शाळांच्या कंपाउंड भिंती आहेत, जुन्या दगडी मोऱ्याही आहेत. तरुण मंडळ, स्त्रीशक्ती संघ किंवा शाळा मिळून यातली एखादी भिंत रंगवायची ठरवते. मग बऱ्याचदा दुसऱ्या पावसाळ्यात चित्राचे पापुद्रे निघतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

दोष बहुतेक वेळा भिंत निवडण्यात असतो. कालव्याकाठची भिंत गावातल्या भिंतीसारखी कोरडी नसते. तिच्या मागे ओला भराव असतो, पायात पाझर असतो, वर्षातले कित्येक महिने शेजारून पाणी वाहतं. म्हणून या लेखात चित्रकलेपेक्षा भिंत, पाणी आणि परवानगी यांनाच जास्त जागा दिली आहे. हातात कला असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, कोरडी भिंत मात्र शोधावी लागते.

आधी ठरवा: काय रंगवायचं नाही

फेरफटका मारताना वहीत दोन याद्या करा. पहिली यादी हात न लावायच्या गोष्टींची.

जुनं दगडी बांधकाम तसंच ठेवा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोऱ्या, पूल आणि पाणी सोडायच्या दारांच्या चौकटी चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचा सांधा ओलावा आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर अॅक्रिलिक रंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेर पडायची वाट बंद होते. आत अडकलेलं पाणी क्षार घेऊन पृष्ठभागापाशी येतं, तिथे क्षारांचे स्फटिक होतात आणि दगडाचा वरचा थर कपच्या होऊन सुटतो. रंग काढून टाकला तरी ते नुकसान भरून येत नाही. दगडाला शोभा आणायची असेल तर त्यावरची झुडपं कापून घ्या. पिंपळ-वडाची रोपं मात्र हिसकून उपटू नका, सांधाच उखडतो. ती बुंध्याशी कापा आणि अभियंत्यांना दाखवा.

पाण्याची पातळी मोजायची गेजपट्टी, चेनेजचे (कालव्यावरचं अंतर दाखवणारे) दगड, दारं आणि त्यांचे स्क्रू, जुने कोरीव फलक, भिंतीतली पाझरछिद्रं, काँक्रीटचे सांधे यांनाही रंग लागता कामा नये. गेजपट्टीवर रंगाचा फराटा गेला तर पाटकऱ्याला पाणी मोजता येत नाही. पाझरछिद्र बुजलं तर मागचं पाणी भिंतीवर दाब देतं.

कालव्याच्या आतल्या अस्तरावर चित्र काढायचा मोह अनेकांना होतो, कारण कालवा कोरडा पडला की ती उतरती, सपाट, लांबलचक जागा दिसते. ती सोडून द्या. पाण्याखाली महिनोन्महिने राहिलेला इमल्शन रंग फुगतो, गाळाच्या घासण्याने सुटतो आणि तोच शेतात जातो.

दुसरी यादी रंगवण्याजोग्या जागांची. दोन्ही बाजूंनी हवा लागणारी सुटी भिंत सर्वांत चांगली: शाळेचं कंपाउंड, बसथांबा, पंपघराची रस्त्याकडची बाजू, नव्या काँक्रीट पुलाचा कठडा. मातीचा भराव अडवणारी भिंत शक्यतो टाळा. तिच्यावर बुडबुडे येणारच, फक्त कधी एवढाच प्रश्न असतो.

धुपदाळच्या जलाशयाजवळ काम करणार असाल तर एक वेगळी अट आहे. तो परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो, अभयारण्य १९७४ मध्ये घोषित झालं. त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही नको. हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे आणि इतर पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा हद्दीच्या बाहेरसुद्धा स्पीकर आणि रात्रीचे हॅलोजन लावू नका.

भिंतीच्या चार परीक्षा

या चारही परीक्षांना मिळून दोन दिवस लागतात आणि खर्च जवळपास नाही. एकही वगळू नका.

पहिली, तळहाताची. कोरड्या भिंतीवर हात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली चुन्याची सफेदी किंवा स्वस्त डिस्टेंपर आहे. गावातल्या निम्म्या भिंती अशाच असतात, कारण त्यांच्यावर सिमेंटच्या आणि निवडणुकीच्या जाहिराती वर्षानुवर्षं एकावर एक चढलेल्या असतात. या भुसभुशीत थरावर अॅक्रिलिक लावला की तो सुकताना आकसतो आणि सफेदीसकट सुटतो. मोठमोठे पापुद्रे निघतात ते यामुळेच. अशी भिंत पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने गिलाव्यापर्यंत खरवडावी लागते.

दुसरी, पाण्याच्या थेंबाची. थेंब भिंतीत मुरला तर ठीक. मोत्यासारखा वर राहिला तर जुना ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफिंग आहे, ते पॉलिशपेपरने घासून खडबडीत करावं लागेल.

तिसरी, प्लॅस्टिकची. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, राहू द्या. आतल्या बाजूला दव धरलं किंवा भिंत गडद पडली तर ओल आहे. तळापासून एक फुटावर, मध्यावर आणि वर, अशा तीन ठिकाणी लावा. फक्त खालचं प्लॅस्टिक ओलं झालं तर चित्र वरून सुरू करता येतं. मधलंही ओलं झालं तर ती भिंत सोडा. शक्य असेल तर ही परीक्षा कालव्यात पाणी चालू असताना घ्या, कारण कोरड्या कालव्याशेजारची भिंत खोटी साक्ष देते.

चौथी, वयाची. गिलावा नवा असेल तर २८ दिवस पूर्ण होऊ द्या. कोवळ्या सिमेंटमधला क्षार रंग खातो, विशेषतः लाल आणि जांभळा. पंचायतीने परवा गिलावा केला आणि उद्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन आहे, अशा घाईत रंगवलेली भिंत सहा महिन्यांत चट्ट्यांनी भरते.

पांढरा लोणा फुटलेला दिसला तर तो पाण्याने धुऊ नका, पाण्याबरोबर तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, आठवडाभर थांबा. परत आला तर पाण्याचा उगम अजून चालू आहे.

परवानगी कुणाची, कागद कोणते

भिंत कुणाची आहे हे गावात विचारून समजत नाही, प्रत्येक जण वेगळं सांगतो. कालवा आणि दोन्ही काठांची पट्टी कर्नाटक नीरावरी निगमाकडे, म्हणजे राज्याच्या पाटबंधारे महामंडळाकडे असते. पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो, कंपाउंड शाळेचं, बसथांबा पंचायतीचा. एकाच पन्नास फुटांत तीन मालक निघतात.

निगमासाठी अर्ज कन्नडमध्ये लिहा. कार्यालयाचं काम त्या भाषेत चालतं, आणि अनुवादासाठी थांबलेला अर्ज टेबलावरच राहतो. अर्ज उपविभागाच्या सहायक कार्यकारी अभियंत्यांकडे द्या, तिथून तो कार्यकारी अभियंत्यांकडे जातो. सोबत लागतात:

- भिंतीचे चार फोटो, एकात चेनेजचा दगड दिसावा म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही
- फूट-इंचांसह भिंतीचा साधा आराखडा, न रंगवायचे भाग त्यावर रेघा मारून दाखवलेले
- चित्राचा रंगीत कच्चा नमुना
- ग्रामपंचायतीचा ठराव, पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीचा
- हमीपत्र: खिळे, बोल्ट, खोदकाम नाही, कालव्यात रंग किंवा धुण्याचं पाणी जाणार नाही, निगमाला दुरुस्ती करायची झाल्यास चित्र हटवण्यास हरकत नाही

शेवटचं वाक्य मनाला लागतं, पण त्यानेच सही लवकर मिळते. अर्जाच्या प्रतीवर इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. शाळेची भिंत असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास आणि देखरेख समितीचा) ठराव वेगळा लागतो. शहराच्या हद्दीत सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा १९८१चा राज्याचा कायदा आहे. हेतू चांगला असला तरी लेखी संमती नसेल तर तो लागू शकतो. या सगळ्याला महिना-दीड महिना धरा.

पाणी वापर संघाच्या अध्यक्षांना आणि पाटकऱ्याला भिंतीच्या परवानगीत कागदावर काही अधिकार नसतो. तरी त्यांना पहिल्या दिवशी भेटा. पाळी (कालव्याला पाणी सोडायची फेरी) कधी सुटणार, रात्री पाणी कधी वाढतं, कुठला कोपरा दरवर्षी भिजतो, हे नकाशात नसतं, त्यांना तोंडपाठ असतं.

केव्हा

खरीप आणि रब्बीच्या पाळ्या संपल्या की उन्हाळ्यात कालवा बहुधा बंद असतो, पण पिण्यासाठी मध्येच पाणी सोडलं जातं. नक्की तारखा दरवर्षी धरणातला साठा पाहून ठरतात. त्या उपविभागातून घ्या आणि त्याप्रमाणे दिवस आखा.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर हा सगळ्यात सोयीचा काळ. ऊन फार चढलेलं नसतं, वळीव सुरू झालेला नसतो. एप्रिल-मेमध्ये काम करायचं झालं तर सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी साडेचारनंतर. भर उन्हात भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच सुकतो, एका हाताचा पट्टा दुसऱ्यात मिसळत नाही आणि जोड दिसतात. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळीच उरका. दुपारी आभाळ भरून आलं की हात थांबवा. ताज्या थराला किमान ४ ते ६ तास कोरडे लागतात आणि वळवाची सर अर्ध्या तासात सगळं ओघळवते.

खानापूरकडे पाऊस जास्त, तिथे शेवाळ हा मुख्य शत्रू. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथे रंग उन्हाने उडतात. एकाच जिल्ह्यात राहून दोन्हीकडे एकच यादी चालत नाही.

चित्र कसं ठरवायचं

बैठक रात्री जेवणानंतर, देवळाच्या कट्ट्यावर किंवा समुदाय भवनात. वाडीतल्या सगळ्या गल्ल्यांतून माणसं यायला हवीत, मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी दोन्ही. फक्त मंडळाच्या पोरांनी ठरवलेल्या चित्राची राखण फक्त मंडळाची पोरं करतात.

कोऱ्या कागदाने सुरुवात केली तर कुणी बोलत नाही. ‘कालवा यायच्या आधी इथे काय पिकायचं?’ असं म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्वारी, मोट, विहिरी, १८७६-७८च्या दुष्काळाच्या ऐकीव गोष्टी, गोकाक फॉल्सची गिरणी, पाळीवरून झालेली भांडणं, गुऱ्हाळं असं सगळं बाहेर येतं. त्यातून तीन कच्चे नमुने करा आणि भिंतीवर लावा. प्रत्येकाखाली एक डबा ठेवा, येणाऱ्याने चवळीचा एक दाणा टाकायचा. हात वर करून मत घेतलं तर सासूसमोर सून आणि मालकासमोर गडी वेगळं मत देत नाही.

काही विषय सीमाभागात भिंतीवर आणू नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे. नकाशे, झेंडे, पक्षाच्या खुणा, आमदारांचे चेहरे, कुठल्याही भाषेच्या बाजूची घोषणा. यातलं काहीही असलं की चित्र कुणाचं तरी होतं आणि एखाद्या रात्री त्यावर काळं फासलं जातं. महापुरुषांची चित्रंही याच कारणाने जपून. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच त्यांना थुंकीच्या आणि चिखलाच्या उंचीवर आणू नये. लघवी थांबवायला देवांच्या टाइल्स बसवायची पद्धत तर सोडूनच द्या. तिथे दिवा लावा, रान साफ करा. एवढ्याने सुद्धा काम भागतं.

बघायला गेलं तर विषयांची वाण नाही. धुपदाळचे पक्षी, पाण्यातले मासे, गोकाकच्या लाकडी फळांची खेळणी, खानापूरची कुंभारकी, निपाणीच्या तंबाखूची पानं, ऊस तोडणारी टोळी, सौंदत्तीला निघालेली बैलगाडी. रांगोळी घालणाऱ्या बायांना विचारा. ठिपक्यांची जाळी धरून सरळ, न थरथरणारी रेघ मारणारे हात गावात तयारच असतात, आणि ठिपक्यांची रांगोळी मोठी करून भिंतीवर नेणं नवख्या गटाला सर्वांत सोपं जातं.

अक्षरं लिहायचीच असतील तर कमी. कन्नड आणि मराठी एकाच उंचीत, एकाच रंगात, आणि दोन्ही त्या-त्या भाषेत शाळा शिकलेल्या माणसाकडून तपासून. रस्त्यावरून ५० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान ५ इंच हवं. ‘पाणी खोल आहे’ अशी सूचना दोन्ही भाषांत आणि सोबत चित्र.

सामान किती

दर बदलतात, प्रमाण बदलत नाही. ६० फूट लांब आणि ८ फूट उंच, म्हणजे ४८० चौरस फूट गिलाव्याच्या भिंतीसाठी:

- बाहेरच्या भिंतीचा वॉटर-बेस प्रायमर: ६ लिटर, एक हात
- एक्स्टिरियर अॅक्रिलिक इमल्शन, पांढरा: जमिनीसाठी (चित्राखालच्या पांढऱ्या थरासाठी) १० लिटर, दोन हात, रंग मिसळायला आणखी ४ लिटर
- गडद रंग: तांबडा, पिवळा, निळा, हिरवा प्रत्येकी १ लिटर, काळा अर्धा लिटर
- ब्रश: चार इंची ४, दोन इंची ८, एक इंची १२, रेघेसाठी गोल ६, नऊ इंची रोलर ३
- तारेचे ब्रश ६, ८० नंबरचा पॉलिशपेपर २० ताव, मास्किंग टेप १० रोल, झाकणाचे अर्धा लिटरचे डबे ३०, बादल्या ६
- २ लिटर हायपोक्लोराइटचं ब्लीच, तुरटी अर्धा किलो

खडबडीत भिंत असेल तर सगळ्यात पाव भाग वाढवा.

रंग निवडताना डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा कमी असल्याचा उल्लेख पाहा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ही मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून बंधनकारक आहे. यंत्रांना लावायचे औद्योगिक इनॅमल त्यात येत नाहीत, म्हणून ‘उरलेला आहे, चकचकीत आहे’ म्हणून कुणी वर्कशॉपमधून आणलेला डबा मुलांच्या हातात देऊ नका.

टिकाऊपणात सगळे रंग सारखे नसतात. गेरू, काव, पिवळी माती या जातीचे लोहाचे रंग उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. निळा आणि गडद हिरवा बऱ्यापैकी टिकतात. भडक गुलाबी, जांभळा, लिंबू पिवळा आणि फ्लोरोसंट पहिल्या उन्हाळ्यातच फिके पडतात. तांबड्या-पिवळ्या मातीच्या रंगांवर चित्र उभं करा, भडक रंग फक्त ठिपक्यांपुरते. ट्यूबमधला स्टेनर (छटा आणायचा दाट रंग) एका लिटरला ५०-६० मिलीच्या वर टाकू नका. जास्त टाकला की रंग गडद दिसतो, पण हाताला लागत राहतो.

भिंत जुन्या चुन्याच्या गिलाव्याची असेल तर हे सगळं सामान चुकीचं आहे. तिथे चुनाच लावायचा: एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी घालून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, रंगासाठी गेरू किंवा पिवळी माती चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. कळीचा चुना विझताना उकळतो आणि डोळ्यात उडतो. ते काम चष्मा लावलेल्या मोठ्या माणसाने, लोखंडी टाकीत, मुलांपासून लांब करावं. भिंत ओली करून तीन पातळ हात द्या. फेविकॉल घालू नका, भिंतीचा श्वास बंद होतो. रंगछटा मर्यादित मिळतात, पण असं काम दर दोन-तीन वर्षांनी फारसं न खरवडता परत करता येतं.

काम

*धुणं आणि दुरुस्ती, २ दिवस.* सुटे थर खरवडा. शेवाळ असेल तिथे एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून २० मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवेतच, आणि ब्लीचमध्ये अॅसिड किंवा फिनेल मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हे पाणी कालव्याच्या उलट बाजूला मातीत मुरवा. ३ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बाहेरच्या भिंतीच्या क्रॅक-फिलरने भरा. त्याहून रुंद भेग हा अभियंत्यांचा विषय आहे, ती रंगाखाली लपवू नका. घरातली पुट्टी बाहेर चालत नाही, ओल लागली की फुगते.

*प्रायमर आणि जमीन, २ दिवस.* धुतल्यावर निदान दोन कोरडी उन्हं जाऊ द्या, मग प्रायमर. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचे दोन हात, मध्ये ४ तास. खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा गेरूच्या गडद रंगात घ्या. पावसात जमिनीवरून उडणारा चिखल, पानाच्या पिचकाऱ्या आणि गुरांच्या पाठी तिथेच लागतात.

*आखणी, १ दिवस.* नमुन्यात एक सेंटिमीटर बरोबर एक फूट धरा. गेरूत बुडवलेल्या सुताने भिंतीवर फूट-फुटाची चौकडी मारा, ओळंब्याने उभ्या रेघा तपासा. चौकडी नको असेल तर भिंतीवर खडूने आकडे आणि खुणा विस्कटून काढा, फोटो घ्या, मोबाइलवर त्या फोटोवर नमुना पातळ करून ठेवा. कुठली रेघ कुठल्या खुणेजवळून जाते ते दिसतं. एकच मासा किंवा पान दहादा यायचं असेल तर जाड कागदावर खाका करा: रेघेवर सुईने छिद्रं पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची.

अनुभवी दोघांनीच बाह्यरेघा काढाव्यात. मग प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक खडूने लिहा आणि त्याच क्रमांकाचे डबे भरा. नवख्या हातांनी चित्र बिघडत नाही, क्रमांक नसल्याने बिघडतं.

*रंग भरणं, ३ दिवस.* एका जाणत्यामागे ६ ते ८ माणसं, त्याहून जास्त नको. मुलांना जमिनीवर उभं राहून पोचेल तेवढीच पट्टी, साधारण चार फुटांपर्यंत. वरचं काम परांचीवरून मोठ्यांनी. परांची भिंतीच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधा. फिक्यापासून गडदाकडे या. डब्यात एका वेळी पाव भागच रंग. उघडा डबा उन्हात पाऊण तासात साय धरतो आणि तिचे तुकडे भिंतीवर चिकटतात. पाणी लिटरला १००-१५० मिलीपर्यंत, जास्त पातळ केला तर ओघळ येतात आणि खालचं पांढरं दिसत राहतं.

*रेघ आणि तपासणी, १ दिवस.* शेवटची काळी किंवा गेरूची रेघ ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनाच द्या, इथे सगळ्यांना संधी द्यायचा आग्रह नको. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा, जवळून चुका दिसत नाहीत. वरून पारदर्शक थर द्यायचा असेल तर आठवडाभर थांबा, आणि प्लॅस्टिकच्या परीक्षेत पूर्ण कोरडी निघालेल्या भिंतीलाच द्या. ओलसर भिंतीवर तो दुधी पडतो.

पाणी आणि माणसं

कोरडा कालवा सुरक्षित वाटतो, तसा तो नसतो. मोऱ्यांच्या तोंडाशी आणि सायफनमध्ये डबकी राहतात, अस्तर शेवाळाने गुळगुळीत असतं, उतार इतका की पडलेल्याला वर यायला पकड मिळत नाही. काठापासून सहा फुटांवर दोरी बांधा, तिच्या पलीकडे कुणीच नाही. ट्रकची फुगवलेली ट्यूब आणि ५० फूट दोरी हाताशी ठेवा, आणि पोहता येणाऱ्या एका माणसाला दुसरं कुठलंही काम देऊ नका. पाटकऱ्याचा फोन चालू राहील अशी व्यवस्था करा. दार उघडायचं झालं तर त्याने आधी कळवावं.

ब्रश कालव्यात धुवायचे नाहीत, खाली गुरं पाणी पितात. तीन बादल्या ठेवा: पहिलीत ढोबळ धुणं, दुसरीत खळबळणं, तिसरीत शेवटचं. दिवसाच्या शेवटी पहिल्या बादलीत दोन चमचे तुरटीची पूड ढवळून रात्रभर ठेवा. रंग तळाशी बसतो. वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापरा, गाळ भुशात सुकवून पंचायतीच्या कचरागाडीत.

मोझॅक करायचा असेल तर

खानापूरच्या लाल मातीची कुंभारकी आणि कौलं प्रसिद्ध आहेत, तिथे खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. फुटक्या कौलांचे, मडक्यांचे आणि फरशीच्या दुकानातल्या टाकाऊ टाइल्सचे एक-दीड इंची तुकडे कठड्यावर रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. साधं सिमेंट वापरू नका. पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप २ किंवा वरचा दर्जा लिहिलेलं टाइल चिकटवणं घ्या. २० किलोच्या पिशवीत सपाट टाइल्सचं ४०-५० चौरस फूट काम होतं, तुकड्यांचं ३० धरा. तुकडे पाण्यात बुडवून नव्हे, फक्त पुसून लावा. फट ३-४ मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी ग्राउट (फटी भरायचा मसाला). धारदार कडा पॉलिशच्या दगडाने मारून घ्या, कठड्यावरून मुलं हात फिरवत जातात. बिनचकाकीची भाजलेली माती ओल्या पट्ट्यात क्षारांनी सोलते, ती दोन फुटांच्या वरच वापरा. निगमाच्या पुलावर हे करायचं तर अर्जात वेगळं लिहा. हे वजन आहे, रंग नाही.

नंतर

काम संपल्या दिवशी प्रत्येक रंगाचा २०० मिलीचा हवाबंद डबा भरा, झाकणावर शेड नंबर आणि मिश्रण लिहा, शाळेच्या कपाटात ठेवा. पहिली पाहणी दसऱ्यानंतर, पाऊस सरला की. बुडबुडा दिसला तर तो फोडून खाली ओल आहे का बघा. ओल असेल तर तेवढाच भाग खरवडून मोकळा ठेवा, आणि पुढच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिक लावून परत तपासा. वाढदिवसाची पोस्टरं चिकटली तर कोमट पाण्याने भिजवून लगेच काढा, एक राहिलं की आठवड्यात दहा होतात.

उघड्यावरचं रंगकाम साधारण तीन ते पाच वर्षं तग धरतं. ठरावातच लिहा की त्यानंतर भिंत पांढरी करून पुढच्या गटाला द्यायची, आणि दर वर्षी दोन डबे प्रायमर व रंग कुणी आणायचे.